१९९७ ची मारुती ८०० घाटात ओढत नाही. इंजिनची ताकद वाढवता येईल का?

बालाघाट (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. आमच्याकडं १९९७ ची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरची (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग), चार गिअरची, एमएच-२३ पासिंग. वडिलांनी घेतलेली. ते जाऊन सहा वर्षं झाली. गाडी मी सांभाळतो आणि विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अडचण अशी. महिन्यातून दोनदा आईला डोळ्यांच्या दवाखान्यात बीडला न्यावं लागतं. जाताना काही नाही, उतारच आहे. येताना मांजरसुंब्याचा घाट लागला की गाडी जीव टाकते. आई, बायको, दोन लेकरं आणि मी. तिसऱ्यात थोडं अंतर जाते, मग मरायला लागते, दुसरा टाकावा लागतो आणि काटा २५ च्या वर हलत नाही. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवतात, बाजूला घ्यायला जागा नसते. परवा भर दुपारी आई म्हणाली, "मी उतरून चालू का रे थोडं?" ते ऐकून जे वाटलं ते इथं लिहिता येत नाही.

हीच गाडी, हाच घाट, वडील तिसऱ्यात चढवायचे. डिकीत ज्वारीचं पोतं असायचं. मला नीट आठवतं.

एका मेकॅनिकनं सांगितलं, मारुती झेनचं इंजिन बसवा, ४५ हजार. दुसरा म्हणाला मोठा एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) मोठे करा, १४ हजार. पैसे जमवलेत. कुठं घालू ते सांगा.

उदगीरकर

भाऊ, झेनचं इंजिन मी २०१४ साली माझ्या ८०० मध्ये टाकलं होतं, म्हणून अनुभवाचं सांगतो. ८०० चं इंजिन ७९६ सीसी, झेनचं ९९३ सीसी. कंपनीच्या आकड्यात ३७ हॉर्सपॉवरच्या जागी ५०. गाडी एवढी हलकी, साधारण साडेसहाशे किलो, की फरक पहिल्याच गिअरमध्ये कळतो. पळते, यात वाद नाही.

पण इंजिन एकटं येत नाही. गिअरबॉक्स, एक्सल, माउंटिंग, रेडिएटर, वायरिंग, सगळं मागोमाग येतं. मला ३० सांगितले होते, ५२ गेले. आणि ब्रेक ८०० चेच राहिले. भरल्या गाडीनं उतारावर ते जाणवतं. पुढं नोंदणीच्या नूतनीकरणाला गेलो तर इंजिन नंबर आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळेना. पाच महिने हेलपाटे घातले आणि शेवटी जुनं इंजिन परत बसवून पासिंग केलं. ते झेनचं इंजिन आजही आमच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडून आहे.

आरसीबुक (छत्रपती संभाजीनगर)

मी आरटीओच्या कामातला आहे. उदगीरकरांचं बरोबर आहे, त्यात भर घालतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर मंजुरी घेऊन आरसीवर नवा नंबर चढतो. दुसऱ्या मॉडेलचं मोठं इंजिन यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलं. तुमची गाडी १९९७ ची, म्हणजे २०१२ ला पंधरा वर्षं झाली, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पुढचं २०२७ ला. तेव्हा इंजिन नंबर बघतीलच.

दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते. घाटात उद्या काही झालं आणि बदललेलं इंजिन समोर आलं, तर दावा अडतो. गाडीत लेकरं असतात, दादा.

सरळरेषा (परभणी)

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पैसे कुठं घालायचे याआधी एक हिशेब करून बघू.

गाडी ६५० किलो, पाच माणसं आणि सामान धरून हजार किलो. रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढतो असं धरा. ताशी ४० नं चढायचं तर नुसतं वजन वर उचलायला साधारण ९ हॉर्सपॉवर लागतात. टायर लोळवायला दोन-सव्वादोन, हवा कापायला पाऊण. सगळे मिळून चाकापाशी १२ हॉर्सपॉवर.

आता इंजिनकडं किती आहेत? ३७ हा आकडा ५००० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला पाच हजार फेऱ्यांचा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला इंजिन अडीच हजारांच्या आसपास फिरतं. तिथं कंपनीच्या टॉर्कप्रमाणं (फिरवण्याचा जोर), म्हणजे ५९ न्यूटन-मीटर, साधारण २० हॉर्सपॉवर मिळतात. आपण समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच, हवा विरळ, पाच-सहा टक्के गेले. मे महिन्यात ४२ अंशाची हवा २५ अंशाच्या हवेपेक्षा पाच टक्क्यांनी हलकी, म्हणजे आणखी पाच टक्के. गिअरबॉक्स आणि एक्सलमध्ये दहा-बारा टक्के जातात. चाकापाशी उरले १६.

लागतात १२, आहेत १६. म्हणून वडील तिसऱ्यात चढवायचे. त्यांच्या हातात चार हॉर्सपॉवर शिल्लक होते. तुमचे ते चार कुठंतरी गळालेत. घाटात गाडी हळूहळू नाही, एकदम मरते, त्याचं कारणही हेच. शिल्लक संपली की वेग पडतो, वेग पडला की आरपीएम पडतात, आणि आरपीएम पडले की ताकद आणखी पडते.

माझ्या मते तुम्हाला नवी ताकद विकत घ्यायची नाही. हरवलेली शोधायची आहे.

बालाघाट

सर, हे वाचून अंगावर काटा आला. चार हॉर्सपॉवर! म्हणजे वडील काही विशेष करत नव्हते, गाडी धड होती. शोधायची कशी?

जुनाफिटर (जालना)

मी लिहितो, सावकाश वाचा. चाळीस वर्षं गॅरेज केलं, आता डोळ्यानं कमी दिसतं पण हाताला सगळं ठाऊक आहे.

बाळा, कुणालाही पैसे द्यायच्या आधी घरच्या अंगणात एवढं कर.

पहिलं. बंद गाडीत बायकोला ॲक्सिलेटर फरशीपर्यंत दाबून धरायला सांग. तू बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढ आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघ. आतली हवा सोडणारी पत्री पूर्ण उभी झाली पाहिजे. जुन्या गाड्यांत केबल ताणून सैल झालेली असते, नाहीतर पायपुसणं पॅडलच्या आड येतं. मग पाय पूर्ण खाली आणि पत्री पाऊणच उघडी. असल्या किती गाड्या माझ्याकडं "इंजिन बसलं" म्हणून ओढत आणल्या, मोजदाद नाही.

दुसरं. चारही चाकं एकेक करून जॅकवर उचल आणि हातानं फिरव. मागचं चाक ढकलल्यावर दोन-चार फेरे सुटं फिरायला पाहिजे. पुढं एक्सल असतो, थोडं जड जाईल, पण घासल्याचा आवाज नको. ब्रेक धरून राहिला असला तर तू घाट चढतोस आणि ब्रेक तुला मागं ओढतो.

तिसरं. डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढ. मधला रोटर बोटांनी ज्या बाजूला फिरतो त्या बाजूला पिळ आणि सोड. टचकन जागेवर आला पाहिजे. आत दोन वजनं असतात, इंजिन जोरात फिरलं की ती फाकतात आणि ठिणगी लवकर पडते. ग्रीस वाळून ती वजनं चिकटतात. मग ठिणगी उशिरा पडते, गाडी तापते, पेट्रोल खाते आणि ओढ मेलेली असते. ही खोड सगळ्यात लपलेली, कामून की जागेवर उभी गाडी छान चालते.

चौथं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. गेज पाहिजे, चांगल्या मेकॅनिककडं असतं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. तिन्ही आकडे कागदावर लिहून घे. आकडा मोठा असण्यापेक्षा तिन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एखादा पडला तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड आणि परत मोज. वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्ह (झडप) धरत नाही.

पाचवं, टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या दात्यांच्या पट्ट्याच्या, खुणा. एक दात चुकला तरी गाडी चालू होते, फिरते, पण मरतुकडी राहते.

एक विचारतो. गाडीवर कधी गॅसचं किट होतं का?

गोदाकाठ (गंगाखेड)

जुनाफिटर काकांनी सगळं सांगितलंय, मी दोनच गोष्टी जोडते. माझी ओम्नी १९९९ ची आहे, मीच चालवते, मीच बघते.

एअर क्लीनरच्या नळकांड्याला माझ्या गाडीत उन्हाळा-हिवाळ्याचा खटका आहे. हिवाळ्याला ठेवला की इंजिन सायलेन्सरच्या नळाजवळची गरम हवा ओढतं. विकत घेतल्यापासून तो हिवाळ्यावरच अडकलेला होता! आपल्याकडं परभणी-बीडच्या उन्हात इंजिनला आणखी गरम हवा द्यायची म्हणजे सरांनी सांगितलेले ते पाच टक्के आपण दुप्पट करून घेतो. तुमच्याकडं असेल तर बघा. आणि उघडा मोठा फिल्टर बसवायला सांगणाऱ्याला विचारा, तो बॉनेटखालची भट्टीतली हवाच ओढणार ना?

दुसरं, इथेनॉल. आता पंपावर २० टक्के मिसळलेलंच मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. गाडी हुंदके देते. शिवाय जुनी रबरी नळी आतून सोलते आणि तिचे काळे कण जेटमध्ये अडकतात. माझ्या नळ्या मी सगळ्या बदलल्या, इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या. जुन्या नळीचा तुकडा कापून बघितला तर आत बोट फिरवल्यावर काजळी लागावी तसं रबर लागलं.

बालाघाट

काका, हो. २००६ ते २०१३ गॅसचं किट होतं. वडिलांनी नंतर काढून टाकलं. तुम्हाला कसं कळलं?

जुनाफिटर

गॅस कोरडा जळतो, आणि ८०० वर त्या काळी घरोघर किट होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक त्यानं झिजते. व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, फट संपते, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि कडेनं जळतो. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मालक खूश असतो. आवाज नसणं ही तिथं वाईट खूण. आता मोजून आकडे टाक.

बालाघाट

दोन रविवार गेले. आकडे देतो.

ॲक्सिलेटर: पत्री पूर्ण उघडत नव्हती. बोटभर कमी. केबलचा नट फिरवला, झालं. खर्च शून्य.

चाकं: मागचं डावं हातानं जेमतेम एक फेरा फिरत होतं. ड्रम उघडला, व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला. दोन्ही बाजूंचे नवे घातले.

रोटर: पिळला तर पिळलेलाच राहिला. परत आलाच नाही. लेकरानं मोबाइलचा उजेड धरला होता, तो म्हणाला, "बाबा, तुटला का?" डिस्ट्रिब्यूटर खोलून रॉकेलनं धुतला, वजनांच्या खिळ्यांवर थेंबभर ऑइल. आता टचकन येतो. त्यानंतर टायमिंग लाइटनं ठिणगी लावून घेतली.

कॉम्प्रेशन (पीएसआय या दाबाच्या मापात): पहिला १६५, दुसरा १६०, तिसरा १०५. ऑइल सोडून तिसरा ११०.

सरळरेषा

तीन सिलिंडरचं इंजिन. त्यातला एक अर्धवट काम करतोय, वर ठिणगी उशिरा, पाय पूर्ण दाबला तरी तोंड अर्धवट, आणि मागून ब्रेक धरलेला. चार हॉर्सपॉवरची शिल्लक यातल्या कुठल्याही दोघांत संपते.

जुनाफिटर

तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, खोलायचं. घाबरू नको, रोजचं काम आहे. मेकॅनिकला सांग: तिन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, बैठका कापून व्हॉल्व्ह घासायचे, गाइड ढिले असतील तर बदलायचे, व्हॉल्व्ह सील नवे, हेड पट्टी लावून बघायचं आणि वाकलं असलं तरच फेस मारायचा (घासून सपाट करायचं). हेड गॅसकेट नवं. बेल्ट नवा. टॅपेट थंड इंजिनवर, पुस्तकातल्या मापानं, फीलर गेज लावून. "अंदाजानं करतो" म्हणाला तर गाडी परत घेऊन ये.

पद्मिनीवाला (नांदेड)

मी बराच वेळ नुसता वाचतोय. माझी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, ती सुदैवानं धड आहे. काका, एक मनापासून विचारतो. हरवलेली ताकद परत आली असं धरू. त्याच्या वर, इंजिन तेच ठेवून, काही वाढवता येतं का? हेडला जास्त फेस मारून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट (हेडमधल्या हवा-धूर जायच्या वाटा) घासायचे, असं लोक करतात.

जुनाफिटर

येतं, पण किती आणि कशाच्या बदल्यात ते ऐका.

हेड जास्त कापलं की कॉम्प्रेशन चढतं, ओढ थोडी वाढते. पण आपल्या उन्हात, भरल्या गाडीनं, घाटात, इंजिन ठोका द्यायला लागतं. खडखड असा खिळे हलवल्यासारखा आवाज येतो तो. तो दहा मिनिटं चालला तर पिस्टनची वाट लागते. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड कापलं की बेल्टचं टायमिंगही किंचित सरकतं, ते वेगळंच.

पोर्ट घासायचे तर गॅसकेट आणि मॅनिफोल्ड जिथं जुळतात तिथली पायरी फक्त काढा. हेडमधल्या भोकापेक्षा गॅसकेट आत आलेलं असतं, तेवढं सारखं करा. आरसा करायच्या नादी लागू नका. मोठा पोर्ट वर फिरताना ताकद देतो आणि खाली काढून घेतो. घाटात आपल्याला खालचीच पाहिजे. फ्री-फ्लो सायलेन्सरचंही तेच. आवाज वाढतो, ८०० ला खाली काही हाती लागत नाही. पण जुना सायलेन्सर आतून पडलेला, तुंबलेला असेल तर साधा नवा जरूर टाका.

खरी उडी हवा कोंबल्याशिवाय नाही. जपानात सुझुकीनं १९८७ साली अल्टो वर्क्स काढली, ५४३ सीसी, तीनच सिलिंडर, टर्बो लावून ६४ हॉर्सपॉवर. आपल्या ८०० पेक्षा लहान इंजिन! पण त्याला आतून सगळं त्याच हिशेबानं केलेलं होतं. आपल्या इंजिनवर नुसता टर्बो लटकवला तर गॅसकेट पहिल्या घाटात जाईल, आणि वर आरसीबुक साहेबांनी सांगितलेलं कलम आहेच.

उदगीरकर

काका, हे सगळं मला २०१४ ला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या जुन्या इंजिनचं कॉम्प्रेशन मी बदलायच्या आधी एकदाही मोजलं नव्हतं. या आठवड्यात मोजतो.

गोदाकाठ

बालाघाट दादा, डिकी आणि कॅरिअर पण बघा. माझ्या ओम्नीतून दुसरी स्टेपनी, जुनी जॅकची पेटी, पाण्याचे दोन कॅन आणि वर न वापरलेलं कॅरिअर काढलं तर ६० किलो भरलं. सरांच्या हिशेबानं शंभरात सहा. फुकट आहे.

बालाघाट

तीन आठवड्यांनी लिहितोय. हेड झालं.

मेकॅनिकनं व्हॉल्व्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. तिसऱ्याच्या एक्झॉस्टची कड एका बाजूनं खाल्लेली, भाकरीचा तुकडा दातानं तोडावा तशी, आणि तिथून पांढरट पडलेली. बाकीचे दोन काळेभोर, कड शाबूत. एवढ्याशा खाचेतून एवढं सगळं जात होतं. तो व्हॉल्व्ह मी घरी आणलाय, लेकराला दाखवायला.

टायमिंग बेल्ट बरोबर होता, पण नवाच टाकला. एअर क्लीनरचा खटका माझ्यातही आहे, आणि हिवाळ्यावरच होता. पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. आतली गोष्ट गोदाकाठ ताईंनी लिहिली तशीच. कार्बोरेटर धुऊन घेतला. जेट मोठे केले नाहीत, फ्लोटची पातळी आणि मिश्रण नीट लावलं, हुंदके गेले. डिकीतून सामान काढलं, ३५ किलो.

सगळा खर्च, ब्रेकसकट, ९,२००. आता कॉम्प्रेशन १६५, १६५, १६०.

काल आईला घेऊन बीडला गेलो. येताना तीच दुपारची वेळ, तेच पाच जण. घाटाच्या पायथ्याच्या धाब्यापासून वरच्या मोठ्या वळणापर्यंत मी आधी वेळ मोजून ठेवली होती: ७ मिनिटं ४० सेकंद. काल ५ मिनिटं १०. तिसऱ्यात. एकदाच, समोर ट्रक आला म्हणून, दुसरा टाकला आणि परत तिसरा घेतला, तो तिनं घेतला. काटा पस्तीस-चाळीसच्या मधे.

आईला झोप लागली होती. नेकनूर ओलांडल्यावर जागी झाली आणि म्हणाली, "घाट यायचाय ना अजून?"

जुनाफिटर

लई छान, बाळा. आता ५०० किलोमीटर झाले की थंड इंजिनवर टॅपेट परत तपासून घे, नव्या बैठकीवर व्हॉल्व्ह थोडा बसतो आणि फट कमी होते. पाण्याची पातळी आठवडाभर रोज सकाळी बघ. रोटरच्या खालच्या वजनांना वर्षातून एकदा थेंबभर ऑइल.

बालाघाट

हो काका. मीटरचा आकडा वडिलांच्या सर्व्हिसच्या वहीत लिहिलाय, त्यांच्या शेवटच्या नोंदीच्या खाली.